नाव पॉन्टिअ‍ॅक, इंजिन शेवरोलेचं!

एका लेखातल्या मुलाने आपली पहिली गाडी म्हणून १९६४ ची कॅनडात बनलेली पॉन्टिअ‍ॅक लॉरेन्शियन निवडली, हे वाचून आमचं गॅरेज आठवलं. आम्ही कॅनडातल्या ओंटारिओत राहतो. माझ्या लेकानेही हाच हट्ट धरला होता.

एक मुद्दा लेखात राहून गेला. अमेरिका-कॅनडात गाड्यांवरचा कर काढणाऱ्या १९६५ च्या ऑटो करारापूर्वी अमेरिकेतून येणाऱ्या गाड्यांवर जबर आयातकर होता, म्हणून गाड्या कॅनडातच बनायच्या आणि खर्च वाचवायला कॅनडातल्या पॉन्टिअ‍ॅकला आतून जनरल मोटर्सच्याच दुसऱ्या ब्रँडची, शेवरोलेची, चासी (गाडीचा खालचा सांगाडा) आणि इंजिन असायचं. हे ठाऊक नसल्याने आम्ही अमेरिकन पॉन्टिअ‍ॅकचं गॅस्केट (इंजिनाच्या सांध्यातली सील) मागवलं. बसेना! दुकानदाराने परतही घेतलं नाही. गाडीकडे मागून बघा, चाकं बॉडीच्या आत दबल्यासारखी दिसतात. शेवरोलेच्या अरुंद चासीवर रुंद बॉडी बसवली की असंच होणार. लेक म्हणायचा, बाबांचा कोट घातलेलं पोर! पण फायदा असा की इंजिनाचे पार्ट शेवरोलेचे म्हणून सहज मिळतात.

खरा शत्रू गंज. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. मॅट उचलून स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो सरळ पत्र्यातून खाली गेला आणि भोकातून गॅरेजची फरशी दिसली.

आणि हो, रंगाआधी ब्रेक बघा. त्या काळी मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) एकाच सर्किटचा, म्हणजे चारही चाकांना मिळून ऑइलचा एकच मार्ग, एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. आम्ही दोन सर्किटचा बसवला. नव्या ड्रायव्हरच्या हाती गाडी द्यायची म्हणजे तेवढं हवंच. रंग अजून बाकी आहे, बायको रोज विचारते.