मामांचा बेडका कोण तपासणार?

आमची प्रयोगशाळा कफ पातळ करणाऱ्या नव्या औषधावर काम करते, हे कळल्यावर परळचा मामेभाऊ फोनवर भडकलाच. ‘तिकडची औषधं आमच्यावर नको रे. आम्ही काय उंदीर आहोत?’ त्याचा राग मला पटतो. धड न विचारता गरिबांवर चाचण्या झाल्या, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, तेव्हा कुठे 2019 चे कडक नियम आले. तरी या बाबतीत तो चुकतोय.

मामांना टीबी झाला, बराही झाला, पण श्वासनलिका कायमच्या सैल झाल्या. ब्राँकिएक्टेसिस. रोज सकाळी मामा पलंगाच्या कडेला डोकं खाली करून पालथे पडतात, मामी हाताची ओंजळ करून पाठीवर थापट्या मारते. मग कुठे स्टीलच्या वाटीत घट्ट पिवळा बेडका पडतो.

इथे नॉर्थ कॅरोलिनात मी तसलेच बेडके हाताळतो. दोन चकत्यांमध्ये नमुना ठेवून वरची चकती उचलली की काकवीसारखी तार सुटते. औषध घालायचं, पुन्हा मोजायचं. म्युसिन या प्रथिनाचे धागे गंधकाच्या बंधांनी एकमेकांत गुंततात, म्हणून हा चिवटपणा. एसिटिलसिस्टीन हे कफ पातळ करणारं जुनं औषध 1960 च्या दशकापासून आहे. तेही हेच बंध तोडतं, पण फुप्फुसात फार सावकाश. नवं औषध मिनिटांत तोडेल का, एवढाच आमचा प्रश्न.

पण आमचे नमुने सिस्टिक फायब्रोसिसच्या, म्हणजे जन्मापासूनच कफ घट्ट करणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांचे, आणि मला तीच काळजी आहे. डॉर्नेज अल्फा हे औषध त्यांच्या कफातला डीएनए कापतं, त्यांना ते मानवलं. इतर कारणांच्या ब्राँकिएक्टेसिसमध्ये देऊन पाहिलं, तर 1998 च्या निष्कर्षांत रुग्णांचं दुखणं उलट वाढलेलं दिसलं. भारतातल्या 2195 ब्राँकिएक्टेसिस रुग्णांच्या नोंदीत सर्वांत मोठं कारण निघालं टीबी, सुमारे 35 टक्के. म्हणजे मामांसारखे. त्यांच्या कफावर औषध आधी काचेच्या नळीत तपासलं नाही, तर उद्या ते थेट त्यांच्या छातीतच तपासलं जाईल.

मामेभावाला म्हटलं, मामांनी काही गिळायचं नाही, हुंगायचं नाही. मामी रोज मोरीत ओतते तो बेडका डबीत द्यायचा. संमतीपत्र मात्र मराठीत हवं, आणि मामांना वाचून दाखवलेलं. डबी बर्फात ठेवून काही तासांत तिथल्याच प्रयोगशाळेत पोचली पाहिजे. उकाड्यात पडून राहिली तर पुवातली विकरंच कफ पातळ करतात आणि श्रेय औषधाला जातं. शिवडीचं टीबी हॉस्पिटल आणि परळच्या प्रयोगशाळा यांत अंतर ते कितीसं?