पेंग्विनला वारा बाधतो तेव्हा

कोकणात डेस्कटॉपवर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी, पेंग्विनचं चिन्ह असलेली ऑपरेटिंग सिस्टिम, वापरणाऱ्याला एक वाक्य जन्मभर ऐकावं लागतं: "तुम्ही ते लिनक्स टाकलंत ना, म्हणून!" प्रिंटरमध्ये कागद अडकला, लिनक्समुळे. स्पीकर खरखरतो, लिनक्समुळे. माऊसची वायर खऱ्याखुऱ्या उंदराने कुरतडली तरी ठपका पेंग्विनवरच. वर शेजारचे तात्या गडग्यापलीकडून सल्ला देतात, "मेल्या, ता विंडोज घाल आणि गप रव."

माझं मत उलट आहे. हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत समुद्राकाठच्या घरात कॉम्प्युटरला जे काही होतं, त्यातलं निम्मं खाऱ्या वाऱ्याचं, पाव हिस्सा विजेचा, आणि उरलेल्या पावात लिनक्स, विंडोज आणि मुंगळे वाटेकरी. त्यामुळे टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडण्याआधी कॅबिनेट उघडावं.

जुलैतलं नेहमीचं दुखणं घ्या. बटण दाबलं की पंखा फिरतो, बीप वाजतात, पडदा काळाच. बीप किती आणि कशा, हे बायोस, म्हणजे यंत्र जागं करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम, कुणाचं त्यावर ठरतं, पण इकडे पहिला संशय रॅमवर, म्हणजे मेमरीच्या पट्टीवर, घ्यावा. आधी प्लग काढा. मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज उतरते. प्लग निघालेला आहे, तेव्हा कॅबिनेटच्या लोखंडी पत्र्याला हात टेकवून अंगातलीही वीज जाऊ द्या. रॅमच्या टोकाच्या क्लिपा दाबून पट्टी सरळ वर काढा आणि खिडकीपाशी नेऊन तिच्या सोनेरी दातांकडे बघा. सोन्याचा तो मुलामा इतका पातळ असतो, की दमट हवा आणि मीठ मिळून त्यावर काळपट थर चढवतात. पेन्सिलीचा मऊ पांढरा खोडरबर घ्या आणि एकाच दिशेने हलक्या हाताने फिरवा. शाईचा खरखरीत रबर नको, तो थराबरोबर सोनंही नेतो. चुरा ब्रशने झाडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा, सुकू द्या. पट्टी परत बसवताना क्लिप 'टक्' वाजली पाहिजे. नाही वाजली तर ती बसलेली नाही, मनाची समजूत काढू नका.

हे चालू असताना घरातलं कुणीतरी हमखास विचारतं, "एवढा शिकलेला, आणि खोडत काय बसलायस?" उत्तर देऊ नये. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघावी, आणि यंत्र सुरू झालं की मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावून रात्रभर सोडावं. त्यात एक जरी चूक लाल रंगात उमटली, तरी ती पट्टी गेली. मग तिला खोडरबरानेच काय, गाऱ्हाण्यानेही गुण येत नाही.

दुसरी संशयित म्हणजे मदरबोर्डवरची गोल बॅटरी, सीआर२०३२, ३ व्होल्टची. ही संपली की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. गंमत अशी, की तक्रार घड्याळाची येत नाही, "नेट बंद आहे" अशी येते. नेट चालू असतं. ब्राउझरला वाटतं की वेबसाइटचं प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही, म्हणून तो दार लावून घेतो. पॅकेज अपडेट करायला जावं, तर तेही सांगतं की यादी भविष्यातली आहे. राउटर चार वेळा बंद-चालू होतो, केबलवाल्याचा उद्धार होतो, आणि दुकानात किरकोळीत मिळणारी ती चकती आत मख्ख बसून असते.

घड्याळ साडेपाच तासांनीच चुकत असेल, तर मात्र बॅटरीला हात लावू नका. ते लिनक्स आणि विंडोज असे दोन संसार एका घरात नांदवल्याचं फळ आहे. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ लिहितो, विंडोज ती स्थानिक वेळ समजून वाचतं. परिणामी संध्याकाळी सातला, दिवेलागणीच्या वेळी, विंडोजमध्ये दुपारचा दीड वाजलेला असतो. लिनक्सला स्थानिक वेळ लिहायला लावता येतं, पण रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या वहीत, एक नोंद करून विंडोजलाच यूटीसी शिकवणं अधिक शहाणपणाचं.

आता वीज. चालू यंत्राची लाइट गेली की पुढच्या वेळी कधीकधी काळ्या पडद्यावर कंसात 'इनिटरॅमएफएस', म्हणजे लिनक्स सुरू होण्याच्या वाटेवरचा तात्पुरता थांबा, एवढं लिहून येतं आणि सगळं ठप्प. पाहणारे हळहळतात. बहुतेक वेळा फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींची मांडणी, अर्ध्यात तुटलेली असते, इतकंच. कोणतं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा कोणता भाग, बिघडलं, हे दोन-चार ओळी वर लिहिलेलं असतं. एफएससीके ही दुरुस्तीची आज्ञा, उणे वाय (fsck -y), मग ते नाव, असं टाइप करून एंटर. दुरुस्ती झाली की 'एक्झिट'.

हेच दर आठवड्याला व्हायला लागलं, तर डिस्कची तब्येत स्मार्टसीटीएल (smartctl) या आज्ञेने तपासा. लोक तिच्या उत्तरातल्या ५ आणि १९७ क्रमांकाच्या ओळी, म्हणजे डिस्कवरच्या खराब आणि संशयित जागांचा हिशेब, बघतात, आणि बरोबरच आहे. ते आकडे वाढत असतील तर आधी फोटो दुसरीकडे हलवा, बाकीचं नंतर. पण आपल्याकडे १९९ ही डेटा ने-आण करतानाच्या चुकांची ओळ आवर्जून बघावी. ती वाढते तेव्हा डिस्क बहुधा ठणठणीत असते, दोष डेटा केबलचा किंवा तिच्या गंजक्या टोकाचा. केबल बदलली तरी जुना आकडा शून्यावर येत नाही, तो पुढे सरकायचा थांबला का एवढंच पाहायचं.

वायफायबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ब्रॉडकॉम कंपनीच्या काही वायफाय कार्डांना वेगळा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, लागतो आणि ड्रायव्हर आणायला नेट लागतं. अशा वेळी मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग, म्हणजे मोबाइलचं नेट कॉम्प्युटरला देणं, चालू करा. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असून पडदा काळा राहिला, तर ग्रबच्या, म्हणजे सुरुवातीला सिस्टिम निवडायच्या, यादीत 'ई' दाबून लिनक्सच्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' (nomodeset) जोडा आणि एफ१० दाबा. हे त्या एका खेपेपुरतंच टिकतं. पडदा दिसला की खरा ड्रायव्हर घाला.

गणपतीला आलेला मुंबईचा भाचा यावर "सरळ फॉरमॅट मार" म्हणेल. त्याला मोदक द्यावा.

पावसाळ्यात यंत्र रोज तासभर तरी चालू ठेवा, आतल्या उबेने ओल धरत नाही. विजा चमकायला लागल्या की नुसता प्लग काढून भागत नाही, राउटरकडून आलेली लॅनची वायरही काढा. विजेला कुठलीही तार चालते. आणि लाइट आली म्हणून लगेच धावू नका. पहिल्यांदा येते ती परत जाण्यासाठीच.