‘अर्धवट पुस्तक गळ्यात मारले’ या अभिप्रायास दुकानाचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

नौपाड्यातील आमच्या दुकानाविषयी आपण गेल्या आठवड्यात लिहिलेला अभिप्राय मी वाचला. एक तारा देऊन आपण म्हटले आहे की, वडिलांना भेट देण्यासाठी घेतलेले सुनील गावसकरांचे ‘सनी डेज’ हे आत्मचरित्र अर्धवट निघाले, त्यात १९८३ चा विश्वचषक नाही, दहा हजार धावा नाहीत, म्हणजेच शेवटची पाने गाळलेली प्रत आम्ही आपल्या गळ्यात मारली. ती परत घेतली नाही. उलट मालकाने चार गिऱ्हाइकांसमोर आपल्याला सुनावले. आणि त्याआधी एका संध्याकाळी आपण आलात तेव्हा पाटीवरच्या वेळेपूर्वीच दुकान बंद होते. आपल्याला जो मनस्ताप झाला त्याबद्दल मी क्षमा मागतो. आवाज चढवायला नको होता, हे त्याच रात्री शटर ओढताना माझ्या लक्षात आले होते.

वेळेबाबत आपले म्हणणे रास्त आहे. पाटीवर साडेआठ लिहिलेले आहे आणि त्या दिवशी मी आठलाच निघालो, कारण पुस्तकांचे गठ्ठे सोडवून आणायला स्टेशनकडे जायचे होते आणि दुकानात माझ्याशिवाय दुसरे माणूस नाही. याहून अधिक सबब मी सांगत नाही.

परंतु ‘पाने गाळलेली प्रत’ हे शब्द मला लागले आहेत, आणि त्यांना उत्तर दिले नाही तर ते खरे आहेत असेच कोणालाही वाटेल, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ‘सनी डेज’ प्रसिद्ध झाले १९७६ मध्ये. भारताने विश्वचषक जिंकला १९८३ मध्ये आणि गावसकरांनी अहमदाबादला पाकिस्तानविरुद्ध कसोटीतील दहा हजारावी धाव काढली ती ७ मार्च १९८७ रोजी, म्हणजे पुस्तक बाजारात येऊन दहा वर्षे उलटल्यावर. त्या पुस्तकात या दोन्ही गोष्टी असत्या तर ते आत्मचरित्र न राहता भविष्य झाले असते. (हे वाक्य मी त्या दिवशीही बोललो होतो आणि आपण चिडलात ते बहुधा यामुळेच, हे मला मान्य आहे, परंतु त्यात काही चुकीचे आहे असे मला अजूनही वाटत नाही.) आपण फोनवर त्यांची एकूण कामगिरी काढून मला दाखवलीत: १२५ कसोटी, १०,१२२ धावा, ३४ शतके. आकडे अगदी बरोबर आहेत. मात्र १९७६ चा वेस्ट इंडिज दौरा संपला तेव्हा त्यांतील केवळ ८ शतके झालेली होती. उरलेली २६ त्यांनी नंतर काढली, त्यात माझा किंवा प्रकाशकाचा काय दोष? मी आपल्यासमोर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पृष्ठांक मोजून दाखवले, एकही पान कमी नव्हते, हे आपल्या अभिप्रायात आलेले नाही.

खेळाडूंच्या आत्मचरित्रांचे असेच असते, आणि हे मी पंचवीसहून अधिक वर्षे खेळांवरील पुस्तके विकून शिकलो आहे. खेळाडू बहुधा अजून मैदानात असतानाच पुस्तक येते. मेरी कोम यांचे आत्मचरित्र लंडन ऑलिंपिकच्या कांस्यपदकानंतर, २०१३ मध्ये आले. त्यांचे सहावे जागतिक विजेतेपद २०१८ चे, ते त्यात कसे सापडेल? अभिनव बिंद्रा यांचे पुस्तक २०११ चे आहे, त्यामुळे बीजिंगचे सुवर्णपदक त्यात आहे आणि २०१६ मध्ये रिओत थोडक्यात हुकलेले पदक नाही. सचिन तेंडुलकर यांनी मात्र नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवर शेवटची कसोटी खेळून एका वर्षाने आत्मचरित्र प्रसिद्ध केले, म्हणून त्यात सगळी कारकीर्द मिळते. आपल्याला संपूर्ण कारकीर्दच हवी आहे असे आपण म्हणाला असतात, तर मी वेगळे काही सुचवले असते. आपण ‘गावसकरांचे आत्मचरित्र द्या’ म्हणालात, मी ते दिले. कशासाठी हवे, कोणासाठी हवे, हे मी विचारले नाही, एवढी माझी चूक.

आणि माझे मत विचाराल तर (आपण विचारलेले नाही, तरी सांगतो), वयाच्या सत्ताविशीच्या आसपास लिहिलेले पुस्तक म्हणूनच ते इतके जिवंत आहे. जन्मल्यावर इस्पितळात बाळांची अदलाबदल झाली, बाळाच्या कानाजवळची खूण त्यांच्या एका काकांच्या लक्षात होती म्हणून ती उघडकीस आली आणि खरे बाळ एका कोळिणीशेजारी सापडले, हा प्रसंग तर सुरुवातीलाच आहे. १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात पदार्पणाच्या मालिकेत चार कसोटींत ७७४ धावा केलेल्या तरुणाचा आत्मविश्वास त्यात आहे. तिथेच किंग्स्टनला एप्रिल १९७६ मध्ये भारताचा दुसरा डाव ९७ धावांवर संपला, कारण दुखापतींमुळे पाच जण फलंदाजीला येऊच शकले नाहीत; त्या सामन्याविषयीचा राग त्या पानांवर निवलेला नाही. हेच सगळे त्यांनी निवृत्तीनंतर, जुने हिशेब मिटल्यावर लिहिले असते, तर तितके धारदार उतरले असते असे मला वाटत नाही. ज्या पुस्तकाला आपण ‘अर्धवट’ म्हणालात, ते मी स्वतः किती वेळा वाचले आहे याची मोजदाद नाही.

आता परत घेण्याविषयी. आपण पुस्तक एकोणिसाव्या दिवशी आणलेत. पावतीवर सात दिवसांची मुदत छापलेली आहे. अक्षर बारीक आहे हे कबूल, पण छापलेली आहे. तरीही मी मुदतीवर बोट ठेवले नसते. पहिल्या कोऱ्या पानावर शाईने मजकूर लिहिलेला होता. तो काय होता हे मी इथे सांगणार नाही, तो आपल्या घरचा आहे. मुखपृष्ठावर कपाचा गोल डागही होता. अशी प्रत वितरक परत घेत नाही आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला नवी म्हणून देणे मला जमत नाही. म्हणजे तिची पूर्ण किंमत मी खिशातून भरायची, आणि वर पाने गाळल्याचा ठपकाही घ्यायचा.

आपण शेवटी लिहिले आहे, ‘ठाण्यात पुस्तके घेण्यापेक्षा ऑनलाइन मागवा.’ ज्या गावात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभे आहे त्या गावातील एका दुकानदाराला हे वाचून काय वाटले असेल, ते मी लिहीत बसत नाही. एवढेच सांगतो की, दर वर्षी बक्षीस समारंभासाठी आमच्याकडून खेळाडूंची चरित्रे नेणाऱ्या एका शाळेच्या ग्रंथपाल बाईंचा परवा फोन आला आणि त्यांनी, अगदी सौजन्याने, ‘पाने तपासून देता ना?’ असे विचारले. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा आला. आपला अभिप्राय त्यांनी वाचला असावा. दुकानाचे भाडे, विजेचे बिल आणि घर हे सगळे या एका गल्ल्यावर चालते, आणि आजकाल दुकानात पाऊल टाकण्याआधी माणसे तारे मोजतात. आपल्याला गैरसमजाने काही लिहावेसे वाटले असेल तर त्याचा राग मला नाही, परंतु वस्तुस्थिती कळल्यावर ती ओळ तरी दुरुस्त करावी, अशी विनंती आहे.

आमच्याकडूनही सुधारणा होतील. क्रीडाचरित्रांच्या कपाटात प्रत्येक पुस्तकावर ते कोणत्या सालापर्यंतचे आहे याची चिठ्ठी लावण्याचा विचार आहे. पुस्तके बरीच आहेत, सवडीने सुरुवात करीन. वेळेच्या पाटीचेही काहीतरी करतो, आणि पावतीवरचे अक्षर पुढच्या छपाईत मोठे करून घेता येते का ते पाहतो.

आपली इच्छा असल्यास त्या प्रतीच्या बदल्यात गावसकरांचेच ‘आयडॉल्स’ मी देऊ शकेन, वरची रक्कम न घेता. फक्त आधीच स्पष्ट सांगून ठेवतो की ते १९८३ चे पुस्तक आहे आणि इतर क्रिकेटपटूंविषयी आहे. दहा हजार धावा त्यातही नाहीत. मात्र एक गोष्ट आपल्या संपूर्ण अभिप्रायात मला कुठेही सापडली नाही, ती म्हणजे ज्यांच्यासाठी पुस्तक घेतले त्या आपल्या वडिलांना ते कसे वाटले. त्यांनी किंग्स्टनपर्यंत वाचले असेल आणि प्रत ठेवून घ्यायची असेल, तर बदलाबदलीचा विषय सोडून द्या आणि एखाद्या सकाळी अकरानंतर त्यांना दुकानात घेऊन या. पायऱ्या चारच आहेत, पण उंच आहेत. मी खाली येऊन हात देईन.

आपला विश्वासू,
दुकानाचा मालक, नौपाडा, ठाणे