ओट्यासमोरचा पंखा

आज चंपाषष्ठी. सकाळी गॅस पेटवला, जवळजवळ तीन आठवड्यांनी. चातुर्मासात आमच्याकडे वांगं येत नाही आणि आज खंडोबाला नैवेद्य भरीत-रोडग्याचा. भरताचं वांगं विजेच्या इंडक्शन शेगडीवर भाजता येत नाही, त्याला जाळच लागतो. त्यासाठीच एक बर्नर आणि एक सिलिंडर मी मुद्दाम ठेवला आहे. वांगी भाजून होईपर्यंत पंखा बंद ठेवावा लागला आणि वीस मिनिटांत पाठ घामाने भिजली. हे नोव्हेंबरात. तेव्हाच ठरवलं की गेले कित्येक दिवस मनात असलेलं आज लिहून टाकायचं.

मे महिन्यापासून आमचा रोजचा स्वयंपाक इंडक्शनवर होतो. नेरुळला सिडकोच्या जुन्या इमारतीत आम्ही चौघं राहतो: मी, नवरा, मुलगा आणि सासूबाई. स्वयंपाकघर सहा बाय आठ, खिडकी एकच, तीही डक्टकडे उघडणारी. हा विषय कुठेही निघाला की मला दोनच प्रश्न विचारले जातात. बिल किती येतं? आणि पोळ्या फुगतात का? दोन्हींची उत्तरं पुढे देते. पण मी ज्यासाठी हे केलं त्याबद्दल आजवर मला कोणी विचारलेलं नाही.

सव्वीस वर्षं मी या ओट्यासमोर उभी आहे. घरात हॉलला पंखा, दोन्ही खोल्यांना पंखा, एका खोलीत एसी. स्वयंपाकघराच्या छताला पंख्याचा हूकसुद्धा नाही. कारण सगळ्यांना माहीत आहे, वाऱ्याने जाळ हलतो, मंद आच विझते आणि विझलेल्या बर्नरमधून गॅस येत राहतो. म्हणून पंखा नाही, हे इतकं गृहीत धरलेलं की त्याबद्दल कधी कोणी तक्रारही केली नाही. एप्रिल-मेमध्ये मी सकाळी साडेसहाला डबे करून बाहेर आले की आधी बाथरूममध्ये जाऊन गाऊन बदलायचा आणि मग ऑफिसची तयारी करायची. माझ्या ओळखीतल्या प्रत्येकीची सकाळ अशीच.

गेल्या मे महिन्यात एकदा खोलीतलं तापमान दाखवणारं घड्याळ ओट्याच्या कडेला नेऊन ठेवलं. शेगडी पेटवण्याआधी 33 अंश. दोन्ही बर्नर तासभर चालल्यावर 38. आणि आपल्याकडचं 38 म्हणजे खाडीकाठचं दमट 38, ज्यात घाम वाळत नाही.

त्या दमटपणात गॅस स्वतः भर घालतो, हे मला मुलाने समजावलं तेव्हा कळलं. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते. एक किलो एलपीजी जळला की साधारण दीड किलोहून थोडं जास्त पाणी वाफ होऊन हवेत जातं. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो. म्हणजे एक सिलिंडर संपेपर्यंत 22 लिटरच्या आसपास पाणी त्या सहा बाय आठच्या खोलीत सोडलं जातं, भाता-आमटीची वाफ निराळीच. शिवाय नायट्रोजन डायऑक्साइड आणि थोडा कार्बन मोनॉक्साइड. आणि जाळाची उष्णता सगळी पातेल्याला मिळत नाही, बरीचशी कडेने वर निघून जाते, सरळ आपल्या तोंडावर. इंडक्शनमध्ये काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, त्याच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याच्या बुडातच वीज फिरते आणि बूड स्वतः तापतं. काच तापते ती भांड्यामुळे. जाळ नाही, त्यामुळे पंखा लावता येतो. मी पहिल्याच आठवड्यात ओट्यासमोरच्या भिंतीवर पंखा बसवून घेतला. घड्याळात तासाभराच्या स्वयंपाकानंतर 34 दिसलं तेव्हा मी सासूबाईंना हाक मारून दाखवलं.

आता बिल. इथे खरं बोलणं गरजेचं आहे, कारण इंडक्शन स्वस्त पडतं असं सरसकट सांगितलं जातं आणि आमच्या घरात ते खरं ठरलेलं नाही. सिलिंडर आम्हाला चाळीस दिवस जायचा, मे महिन्यात तो साडेआठशेच्या घरात होता. म्हणजे महिन्याचे साडेसहाशे धरा. इंडक्शनला महिन्याला 90 युनिटं लागतात, प्लगला मीटर लावून मोजली आहेत. आधी आमचा वापर 180 युनिटांचा होता, म्हणजे ही सगळी 90 युनिटं 101 ते 300 च्या टप्प्यात येऊन बसली. त्या टप्प्याचा दर पहिल्या 100 युनिटांच्या दुपटीच्या आसपास आहे. सगळे आकार आणि 16 टक्के वीज शुल्क धरून एक युनिट आम्हाला बारा-तेरा रुपयांना पडतं. गणित करा, साडेचारशे-पाचशे रुपये दर महिन्याला जास्त जातात. ज्यांच्याकडे एसी जास्त चालतो आणि 300 ओलांडली जातात त्यांना आणखी महाग पडेल. ज्यांचं सगळं मिळून शंभराच्या आत बसतं त्यांना मात्र नक्की स्वस्त.

याचा मला राग येतो. नोव्हेंबर 2023 मध्ये ऊर्जा मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या ईईएसएलने देशभर 20 लाख इंडक्शन शेगड्या देण्याचा कार्यक्रम जाहीर केला. चांगलं केलं. पण घरात शेगडी आणायला सांगायचं आणि तिच्यावर शिजवलेल्या वरणाला एसीच्या टप्प्यातला दर लावायचा, हे चुकीचं आहे. स्वयंपाकाच्या विजेला वेगळी सवलत मिळायला हवी, हे माझं ठाम मत आहे.

हे आकडे आमच्या घरच्या ग्रुपवर टाकले तेव्हा माझ्या भावाने लिहिलं, मग फायदा काय झाला? मी त्याला विचारलं, तुझ्या बेडरूममधला एसी महिन्याला किती खातो, आणि त्याचा फायदा तू कधी मांडून पाहिलास का? तिथे गारवा ही गरज असते. ओट्यापाशी आली की तीच गोष्ट चैन होते. पाचशे रुपयांत मी रोज दोन-अडीच तास पंख्याच्या वाऱ्यात उभी राहते. मला हे महाग वाटत नाही, आणि परवडत असूनही ज्या घरात ते महाग वाटतं त्या घराने एकदा मे महिन्यात सकाळी सातला आपल्या स्वयंपाकघरात जाऊन उभं राहावं.

पोळ्या फुगतात. लोखंडी तवा चालतो, फक्त बूड सपाट हवं, आमचा जुना खोलगट तवा बाद झाला. फडक्याने कडा दाबल्या की पोळी टम्म होते. ज्वारीची भाकरीही फुगते, पण जाळाला लावून भाजलेल्या भाकरीचा तो खरपूस वास येत नाही. हे नुकसान आहे आणि मी ते मान्य करते. पुरणपोळीला वेगळी अडचण. खालचं वेटोळं तव्यापेक्षा लहान असल्यामुळे मधे डाग पडतात आणि कडा कच्च्या राहतात. आम्ही पोळी लहान लाटायला लागलो. गणपतीत उकडीचे मोदक उत्तम झाले, दिवाळीत चकल्याही, तेलाचं तापमान इतकं स्थिर मला गॅसवर कधीच राखता आलं नव्हतं. बासुंदी मात्र लागली. कमी वॅटवर माझी शेगडी सलग मंद तापत नाही, थोडा वेळ जोरात आणि थोडा वेळ बंद असं करते. जाड बुडाचं पातेलं घेतल्यावर जमलं.

भांड्यांचं सोपं आहे, फ्रिजवरचं चुंबक बुडाला लावून बघा. चिकटलं तर चालेल. सगळं स्टील चिकटत नाही, हे लक्षात ठेवा. ॲल्युमिनियमचा कुकर, पितळी पातेलं, तांब्याचं भांडं, मातीची हंडी, काही चालत नाही. फोडणीचं कढलं लहान असतं म्हणून शेगडी त्याला ओळखत नाही. मी आता फोडणी आधी पातेल्यात करते आणि शिजलेलं वरण तिच्यात ओतते.

एका बाबतीत मी चूक केली, ती तुम्ही करू नका. सुरुवातीला शेगडी मिक्सरच्या सॉकेटला एक्स्टेंशन लावून चालवली. चौथ्या दिवशी प्लास्टिक तापल्याचा वास आला, हात लावला तर सॉकेट चटका बसेल इतकं गरम. 2000 वॅटची शेगडी जवळपास 9 अँपिअर ओढते आणि ते साधं सॉकेट 6 अँपिअरचं असतं. मग मेन बोर्डापासून स्वतंत्र वायर ओढून 16 अँपिअरचं सॉकेट आणि वेगळा एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, बसवून घेतला. जुन्या इमारतींत शेगडीच्या आधी वायरमनला बोलवा. आणि घरात कोणाला पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. ब्रिटिश हार्ट फाउंडेशन शेगडी आणि पेसमेकर यांत किमान 60 सेंटीमीटर अंतर ठेवायला सांगतं, आणि ओट्याशी वाकून काम करताना ते अंतर सहज कमी होतं.

पर्यावरणाबद्दल मी मोठे दावे करणार नाही. आपल्याकडची बरीचशी वीज अजून कोळशाचीच आहे.

सासूबाईंबद्दल लिहायचं राहिलं. वय 76. त्यांनी चूल केली, वातीचा स्टो केला, मग गॅस. घरात गॅस आला तेव्हा त्यांच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, याच्यावरचं जेवण खाल्लं की पोटात गॅस होणार. मे महिन्यात याच आई मला म्हणाल्या, "अगं, ओल्या हाताने करंट लागेल." पहिले पंधरा दिवस त्या शेगडीला हात लावेनात. त्यांच्या उजव्या दंडावर भाजल्याची जुनी खूण आहे, पदर पेटला होता तेव्हाची. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघते आहे, त्या गॅसजवळ उभ्या राहिल्या की डाव्या हाताने पदर धरून ठेवतात. जूनमधली गोष्ट, त्या चहा करत होत्या आणि मी मागून बघितलं तर दोन्ही हात मोकळे होते. मी काही बोलले नाही.

आज वांगी भाजून झाली, सालं काढली, भरीत कालवलं. आई स्टुलावर बसून बाजरीचं पीठ मळत होत्या, कपाळ घामाने ओलं. म्हणाल्या, "गॅस बंद केलास ना? मग तो पंखा लाव आधी."