ब्यागीचं सीट

सात किलोची बॅग विमानात फुकट जाते. हनोईला गेली, सिएम रीपला गेली, तिचे वेगळे पैसे कुणी मागितले नाहीत. परभणीहून जिंतूरच्या अंगाला जाणाऱ्या काळीपिवळीवाल्याने मात्र आधी माझ्या पाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि दोन बोटं वर केली.

"दोन सीट."

दुसरं कोण म्हणून मी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

"ब्यागीचं," तो म्हणाला. चाळीस माझे, चाळीस तिचे. टपावर टाक म्हटलं तर तिथे आधीच खताची पोती आणि एक सायकल. चिडून बसलो. मी खिडकीशी, मध्ये बॅग ऐटीत, पलीकडे धोतर-टोपीतले एक बाबा. गाडी हलली आणि बाबांनी बॅगेवर हात ठेवला.

"फवारा कोन्त्या कंपनीचाय?"

सोयाबीनवर अळी पडायचे दिवस. जीपमधल्या निम्म्या पिशव्यांतून औषधाचा वास येत होता. खांद्याला दोन पट्टे, कमरेला एक, म्हणजे फवारणीचा पंपच.

"पंप नाही बाबा, बॅग आहे."

"ब्याटरीवरचा हाय का?"

"बॅग, बॅग. कपड्यांची."

बाबांनी कमरेचा पट्टा चाचपला, बकल उघडून लावून पाहिलं. "पट्टा लई मऊ केलाय. आमचा पंप खांदा सोलून काढतो." मग त्यांना खरी शंका आली. "कपडेच हायेत, तर पाठीवर कामून?"

सांगितलं. मित्रांबरोबर व्हिएतनाम आणि कंबोडिया, सगळं सामान पाठीवर घेऊन, गावोगाव.

"कंपनीनं धाडलं व्हतं?"

"नाही, फिरायला."

"पैशे कोनाचे?"

"स्वतःचे."

बाबांनी पुढच्या सीटवरच्या माणसाचा खांदा हलवला. "आयकलं का? सोताचे पैशे भरून वझं वाहून आलाय." सगळी जीप वळली. ड्रायव्हरने आरसा माझ्यावर लावला. ऐंशी रुपयांचं गिऱ्हाईक नीट बघून घ्यावं असं त्याला वाटलं असणार.

मित्रांबद्दल मी त्यांना काही सांगितलं नाही, ते बरंच झालं. एक निघताना म्हणाला होता, जगाची संस्कृती जवळून बघायची. तो होई आनमध्ये पोचल्यापासून वरण-भात मिळणारं हॉटेल शोधत होता आणि शेंगदाण्याच्या चटणीची बरणी उशाशी घेऊन झोपत होता. दुसऱ्याला हिशेबाचं वेड. तिकडे लाख डोंग म्हणजे आपले तीन-साडेतीनशे, त्यामुळे जेवणाची बिलं लाखांत. याने मला आयुष्यात पहिल्यांदा 'तुझ्याकडे सात लाख निघतात' असा निरोप पाठवला, तोही रात्री दोन वाजता, वरच्या पलंगावरून. तिसरा व्हिएतनाममधल्याच 'मी सन' नावाच्या गावी, तिथल्या जुन्या चाम राजांच्या शिवमंदिरांत गेला, 1969 मधल्या अमेरिकी बॉम्बफेकीत पडलेल्या भिंतींपुढे हळहळला, आणि त्याच भिंतीवर पाय ठेवून फोटो काढायला लागला. रखवालदाराने शिट्टी वाजवली. शिव्या तिघांनी मिळून मला घातल्या, कारण कॅमेरा माझ्या हातात होता.

तसा पाठीवर ओझं घेऊन देश हिंडायच्या या धंद्याचा मूळपुरुष ह्युएन त्संगच म्हणायचा. सातव्या शतकात चीनहून निघाला तो पुलकेशीच्या महाराष्ट्रापर्यंत आला. चित्रांत त्याच्या पाठीवर पोथ्यांनी भरलेला बांबूचा सांगाडा असतो. त्याने वर्णन केलेली लेणी अजिंठ्याचीच असं मानतात. इथल्या माणसांबद्दल त्याने लिहून ठेवलंय, की ती उपकार विसरत नाहीत आणि अपमानाचा सूड घेतात. चाळीस रुपये माझ्या अजून डोक्यात आहेत ते उगाच नाही. आणि त्याच्याकडे कुणी सांगाड्याचं सीट मागितल्याची नोंद नाही.

"ऱ्हायलाव कुठं?" बाबांची चौकशी संपली नव्हती.

"होस्टेलवर. एका खोलीत दहा जण, एकावर एक पलंग."

"लगीन झालंय न्हवं?"

"झालंय."

"मंग वसतिगृहात कशाला? बरं, जेवन?"

"रस्त्यावर. गाड्यावर."

बाबांनी मान डोलावली. "आमच्याकडचे लोकं दिवाळीनंतर उसतोडीला जातेत, ते बी असंच ऱ्हातेत. भांडीकुंडी डोक्यावर, लेकरं कडंवर. फक्त त्येंला मुकादम उचल देतो. तुमी उलटी दिली."

जीप हसली. मलाही हसावं लागलं. पण खरं सांगतो, हा मुद्दा मला आवडला नाही. अशा बोलण्यावर माणसाला काही म्हणताच येत नाही, आणि माझी तर निम्मी सहल अजून सांगायची राहिली होती. शिवाय होस्टेलला हसायचं काय? औंढा नागनाथ इथून फार लांब नाही. ज्योतिर्लिंग, बाहेरून असं कोरीवकाम की मान दुखेपर्यंत बघावं. तिथे किंवा वेरूळला पाठीवर बॅग घेऊन आलेल्या एकट्या माणसाला अडीच-तीनशेत स्वच्छ पलंग शोधून दाखवा. लॉजवाला आधार कार्डाआधी विचारतो, "फ्यामिली कुठंय?" आणि बाथरूम दाखवताना स्वतः बाहेर थांबतो.

"देव-बिव पाह्यला का न्हाई?"

इथे मी सरसावलो. कंबोडियातलं अंकोर वाट सांगितलं. बाराव्या शतकात राजा दुसऱ्या सूर्यवर्म्याने बांधलेलं, मुळात विष्णूचं. जागा म्हणाल तर चारशे एकर.

"चारशे?" बाबा प्रथमच माझ्याकडे वळून बसले. "बागायती का कोरडवाहू?"

"देऊळ आहे बाबा."

"आरं, पर पानी?"

पाणी होतं. भोवताली जवळपास दोनशे मीटर रुंद खंदक, भरलेला. शेजारी अकराव्या शतकात खोदलेलं तळं, सुमारे आठ किलोमीटर लांब, दोन रुंद, आजही त्यात पाणी असतं.

"उन्हाळ्यात बी?"

"उन्हाळ्यातही."

"जेसीबी नसताना?"

"नसताना."

बाबा गप्प झाले. मग पुढच्या माणसाला म्हणाले, "हे मातर बघायलायक हाय." सूर्यवर्मा, विष्णू, भिंतीवरचं समुद्रमंथन यांतलं काही त्यांनी विचारलं नाही. मी समुद्रमंथन सुरू केलं तर म्हणाले, "त्ये ऱ्हाऊ द्या. गाळ कोन काढतंय?"

हे मला माहीत नव्हतं, आणि तेवढ्यात जीप थांबली. फाट्यावर एक बाई, हातात कोंबडी. ड्रायव्हरने मागे न बघता सांगितलं, "ब्याग मांडीवर घ्या."

"तिचे पैसे घेतलेत ना?"

"घेतले की. ब्याग गाडीतच हाय न्हवं?"

बाई बॅगेच्या जागी बसली, कोंबडी बाईच्या मांडीवर, बॅग माझ्या. बाईकडून त्याने त्याच सीटचे वीस घेतले. कोंबडीला विचारलंसुद्धा नाही. पुढचा सगळा रस्ता माझ्या नाकापुढे बॅगेची चेन आणि गुडघ्याला मुंग्या.

गावाच्या फाट्यावर उतरताना मी चाळीस परत मागितले. ड्रायव्हरने गिअर टाकला. तेव्हा बाबांनी खिडकीतून टोपी बाहेर काढली.

"चुकलं तुमचं, पावनं. ब्याग नवी दिसतीय. पाच वर्साच्या आतली हाय म्हनून सांगायचं व्हतं, फुकट आली आसती."