सात रस्त्याला आहे म्हणे!

डोकं फिरलंय आज. सरळ सरळ खोटं बोला ना राव, चालेल. खोटं पकडता तरी येतं, चार शिव्या घालून माणूस मोकळा होतो. पण हे खरं बोलून गंडवणारे आहेत ना, त्यांचं काय करायचं?

आज आमच्या भागात पाण्याचा दिवस. पाण्याचा दिवस म्हणजे काय, हे रोज नळ येणाऱ्या गावातल्या माणसाला कळायचं नाही. उजनी काठोकाठ भरू दे, आमच्या नळाला पाणी येणार ते पाळीनंच. आणि नेमका काल रात्री हौदाचा बॉल कॉक तुटला. सकाळी साडेसातला प्लंबरला फोन लावला. "सात रस्त्याला आहे साहेब." म्हटलं, तिथनं जुळे सोलापूर ते किती, येईलच. साडेआठला परत फोन. "सात रस्त्यालाच आहे की." मागं कुकरची शिट्टी! सव्वानऊला त्याच्या बायकोनं उचलला, "आंघोळीला गेलेत." अहो, घरच सात रस्त्याला आहे त्याचं!

पावणेदहाला पाणी आलं. हौद भरला, वाहिला, रस्त्यावर ओढा झाला. समोरच्या काकू गेटपाशी येऊन मलाच बोलून गेल्या. हा गडी उगवला बाराला. वर मलाच म्हणतो, "खोटं बोललो का मी? तिथंच होतो की." आणि मला उत्तर सुचेना हो! त्याचाच जास्त राग आलाय.

टेलरचं तर विचारूच नका. "कापडाला हात लावलाय" म्हणतो. लावला असेल, ह्या कप्प्यातनं त्या कप्प्यात टाकताना. लग्न रविवारी आहे.

"नरो वा कुंजरो वा" म्हटल्यावर धर्मराजाचा रथ निदान चार बोटं खाली तरी आला. ह्यांच्या गाड्या आधीच सोलापूरच्या खड्ड्यांत, अजून खाली जाणार कुठं?

त्यात पुण्याचा मेहुणा मागं लागलाय, ओरिजिनल चादरी पाठवा म्हणून. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे बाहेर विणलेल्या मालाला ते नाव लावायचंच नाही. तरी परगावच्या मालाला सोलापुरी म्हणून खपवायचं चालूच. दुपारी दुकानात गेलो. विचारलं, "इथलीच ना?"

"सोलापुरातनंच उचललीय की."

उचलली कुठनं हे कुणी विचारलं? विणली कुठं?

"जेकार्डची आहे साहेब."

जेकार्डचे माग काय जगात फक्त आपल्या पूर्व भागातच आहेत? तिसऱ्यांदा विचारलं तर घडी उलगडून काठ दाखवला. "हे बघा, सोलापूर लिहिलंय की." लिहिलंय. वाचता येतं मला! अख्ख्या अर्ध्या तासात त्या माणसानं एक शब्द खोटा बोलला नाही आणि एक शब्द कामाचा बोलला नाही. तसाच परत आलो, हात हलवत.

हे लिहीत बसलोय तेवढ्यात मेहुण्याचा फोन. "दाजी, चादरींचं काय झालं?"

"अरे, आत्ताच दुकानात जाऊन आलो की."

खूश झाला. ठेवला फोन.