पोटाला प्लॅस्टिक गुंडाळण्याआधी: ‘२१ दिवसांत १० किलो’वाल्या मेसेजला उत्तर

एक मेसेज सध्या आमच्या तिन्ही फॅमिली ग्रुपवर फिरतोय आणि बहुधा तुमच्याही. ‘खुर्चीवर बसून काम करणाऱ्यांसाठी खात्रीशीर उपाय! २१ दिवसांत १० किलो कमी, पोट सपाट, अंग ‘टोन्ड’, जिमची गरज नाही.’ खाली सात कलमं. उपाशीपोटी गरम पाण्यात लिंबू-मध घ्या, चरबी वितळते. भाकरी, पोळी, भात बंद. फक्त फळं आणि काढा. पोटाला प्लॅस्टिक घट्ट गुंडाळून तासभर भरभर चाला, आणि त्या तासात पाण्याचा थेंबही घेऊ नका. रोज शंभर क्रंचेस (पाठीवर पडून खांदे उचलायचा पोटाचा व्यायाम) मारा. बायकांनी वजनं उचलू नयेत, अंग पुरुषी होतं. सूर्यास्तानंतर अन्न वर्ज्य. सातवं कलम अर्थातच, ११ जणांना पाठवा.

असले मेसेज मी वाचून सोडून देतो. हा सोडला नाही, कारण माझ्या वहिनींनी तो मनावर घेतला. वहिनी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात हिशेब बघतात. दिवसभर खुर्ची आणि कॉम्प्युटर. टॉवेल पॅक करायच्या प्लॅस्टिकचा रोल तिथे हाताशीच असतो. त्यातलं वारभर फाडून आणलं, कुर्त्याच्या आत पोटाला तीन वेढे दिले, वरून खाकी चिकटपट्टी मारली, आणि मे महिन्यातल्या संध्याकाळी साडेपाचला कंबर तलावावर चालायला गेल्या. घरी येऊन वजनकाट्यावर उभ्या राहिल्या आणि मला हाक मारली, “भाऊजी, बघा की, किलोभर उतरलं!” हाताला कंप सुटलेला, ओठ कोरडे, आणि चिकटपट्टी जिथे होती तिथे कमरेभोवती घामोळ्यांचा लालभडक पट्टा. पुढचा तासभर त्या पंख्याखाली फरशीवर पडून होत्या. दादा लिंबू-साखर-मिठाचं पाणी करून चमच्याचमच्याने पाजत होता.

म्हणून क्रमाने जात नाही, तिसऱ्या कलमापासून सुरू करतो.

तो किलोभर म्हणजे पाणी. एक लिटर घाम गेला की काटा एक किलो खाली येतो आणि तांब्याभर पाणी प्यालं की पुन्हा वर चढायला लागतो. चरबीचा त्यात संबंध नाही. चरबी जळते तेव्हा ती जाते कुठे, याचा हिशेब ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१४ साली आला होता. १० किलो चरबीतली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर जाते आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. मोठा वाटा नाकातोंडाने जातो. पोटावरच्या प्लॅस्टिकखाली काही वितळत नसतं, फक्त शिजत असतं.

आता धोक्याचं. घाम अंग गार करतो तो वाळताना. वाळता वाळता अंगातली उष्णता घेऊन जातो. सोलापूरची हवा कोरडी, म्हणून ४२ डिग्रीतही आपण कसेबसे तग धरतो. घाम आला कधी आणि वाळला कधी, कळतही नाही. प्लॅस्टिक लावलं की तेवढ्या भागावर घाम वाळायची वाटच बंद. शरीर आणखी घाम सोडतं, तोही वाळत नाही, आतलं तापमान चढत जातं. त्यात पाणी पिऊ नका म्हणे! चाळिशीच्या पुढे गेलेल्या उन्हाळ्यात हा सल्ला देणाऱ्याला एकदा दुपारी बारा वाजता होम मैदानावर उभं करायला हवं.

अमेरिकेतल्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, फेब्रुवारी १९९८ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. नोव्हेंबर आणि डिसेंबर १९९७ या दोन महिन्यांत तिथले कॉलेजचे तीन कुस्तीगीर मेले. एक १९ वर्षांचा, एक २१ चा, एक २२ चा. तीन वेगवेगळी राज्यं, एकमेकांशी संबंध नाही, पण पद्धत तीच. वजनी गटात बसण्यासाठी झटपट वजन उतरवायचं म्हणून घामाची वाफ बाहेर पडू न देणारे सूट घातले, गरम जागेत जोरात व्यायाम केला आणि पाणी तोडलं. शरीर तापून आणि सुकून गेलं. त्यानंतर जानेवारी १९९८ मध्ये तिथल्या कॉलेज क्रीडा संघटनेने असल्या सूटवर बंदीच घातली. हे तिघं रोज मॅटवर घाम गाळणारे तरणेबांड पोरं होते, प्रशिक्षक हाताशी असलेले. आणि तिकडे तेव्हा हिवाळा होता. गरम खोली मुद्दाम करावी लागली असेल. आपल्याकडे ती मेमध्ये फुकट मिळते. वर्षानुवर्षं खुर्चीवर बसलेल्या, बीपीची गोळी चालू असलेल्या बाईला किंवा बुवाला हेच करायला सांगणं याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

वहिनींनी एक प्रश्न मात्र रास्त विचारला. घामावरून ठरवायचं नाही तर व्यायाम झाला हे कळणार कसं? श्वासावरून. चालताना शेजारणीशी बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. आणि मोजायचंच असेल तर शिंप्याची टेप घ्या. भारतीय बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत आणि पुरुषांची ९० च्या आत असावी, असा आपल्याकडचे डॉक्टर धरून चाललेला आकडा आहे. टेप घामाने फसत नाही. सुरुवातीला काटा जागचा हलत नसताना टेप हललेली दिसते, हा दुसरा फायदा.

आता मथळ्यातला आकडा. २१ दिवसांत १० किलो. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. १० किलोच्या ७७,०००. भागिले २१, म्हणजे रोज साडेतीन हजारांहून जास्त कॅलरींची तूट. बैठं काम करणाऱ्या बाईचा अख्ख्या दिवसाचा खर्चच १,८०० च्या आसपास. म्हणजे २१ दिवस नुसती हवा खाऊन राहिलं तरी पाच किलोसुद्धा चरबी जळणार नाही. बाकी जे उतरेल ते पाणी आणि स्नायू. गणित सातवीच्या पोराला जमेल असं आहे, पण आमच्या ग्रुपवर त्याच्याखाली सोळा अंगठे आणि चार हात जोडलेले.

भाकरी बंद? मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेल्या जिल्ह्यात बसून हे वाचायचं! शंभर ग्रॅम ज्वारीत दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि जवळजवळ तेवढाच चोथा. पोट भरतं आणि भरलेलं राहतं. फळं आणि काढ्यावर राहिलात तर प्रथिनं नावालाही नाहीत, स्नायू झिजतात, आणि मेसेजवाल्याने कबूल केलेलं ‘टोन्ड’, म्हणजे घट्ट बांध्याचं, अंग ज्यातून दिसायचं तेच जातं. टोनिंग नावाचा वेगळा व्यायाम नसतो. खाली स्नायू असावा लागतो आणि वरची चरबी थोडी कमी व्हावी लागते, संपलं.

अर्धसत्य एवढंच, की भाकरी-भात सोडलेल्यांचं वजन पहिल्या आठवड्यात खरंच उतरतं. मीही दोन-तीन जणांचं पाहिलंय. पण शरीरात साखरेचा जो साठा असतो, त्याने आपल्या तिपटीएवढं पाणी धरून ठेवलेलं असतं. साठा रिकामा झाला की दीड-दोन किलो पाण्यासकट जातो. लग्नाच्या पंगतीला एकदा बसलात की परत येतो.

आणि भाकरीवर डोळा ठेवणारे तिच्या शेजारी बघतच नाहीत. आमच्या घरी शेंगा चटणी कशी घेतात सांगतो. ताटात चटणीचा ढीग, बोटाने मध्ये खळगा, आणि त्यात बरणीतून तेलाची धार, खळगा भरून बाहेर ओघळ येईपर्यंत. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी, खाली चटणीतल्या शेंगदाण्याच्या वेगळ्या. मी पतसंस्थेत काउंटरमागे बसतो, त्यामुळे चहाचाही हिशेब तोंडपाठ आहे. येणारा प्रत्येक खातेदार चहा सांगतो. दोन चमचे साखरेचे पाच कप झाले की नुसत्या साखरेच्या २०० कॅलरी, दूध आणि बिस्किटं सोडून. चहा अर्धा आणि साखर अर्धी, चटणीवर तेलाऐवजी दही, संध्याकाळची भजी आठवड्यातून एकदा. एवढ्यात रोजची चार-पाचशेची तूट निघते आणि आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास चरबी जाते. असा मेसेज कुणी पुढे पाठवणार नाही, कारण ‘२१ दिवसांत दीड किलो’ वाचून कुणाचा अंगठा उठतो?

लिंबू-मध: गरम पाण्याने चरबी वितळत नाही, वितळली असती तर चहाने आपण सगळे काटकुळे झालो असतो. मोठा चमचाभर मधात ६० कॅलरी असतात. आवडतं तर घ्या, औषध समजून घेऊ नका.

शंभर क्रंचेस: पोटाचे स्नायू बळकट होतात, त्यांच्यावरची चरबी तिथूनच जाईल असं नाही. चरबी कुठून आधी काढायची ते शरीर ठरवतं. टेनिस खेळणाऱ्यांचा एक हात वर्षानुवर्षं राबतो, तरी दोन्ही दंडांवरचा चरबीचा थर सारखाच भरलाय. आठ तास वाकून बसणाऱ्याने पहिल्याच दिवशी शंभर मारले तर मान आणि कंबर धरेल, ते वेगळं.

बायकांनी वजनं उचलू नयेत, या कलमाचा मला तिसऱ्याच्या खालोखाल राग आला. पुरुषांसारखे स्नायू फुगायला जे टेस्टोस्टेरॉन नावाचं संप्रेरक लागतं ते बायकांच्या शरीरात पुरुषांच्या कितीतरी पट कमी असतं. आणि हे सांगतोय कुणाला? सोलापूरच्या बायकांना? आपल्याकडे नळाला पाणी दिवसाआड म्हणायचीही सोय नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी भरलेल्या घागरी, बादल्या घेऊन दुसऱ्या मजल्यापर्यंत कोण चढतं? तेव्हा अंग पुरुषी होत नाही, डंबेल धरला की होतं!

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला साधा आहे. आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल असं चालणं, आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद लावायला लावणारा व्यायाम. हे दुसरं आपण सगळेच गाळतो. नवख्याने हात न टेकता खुर्चीवरून उठायचं-बसायचं, दहा-बारा वेळा. भिंतीला हात लावून जोर काढायचे. पोरांच्या दप्तरात डाळ-तांदळाच्या पिशव्या भरून ते कंबर ताठ ठेवून जमिनीवरून उचलायचं. सोपं वाटलं की पिशवी वाढवायची. ताटात मटकीची किंवा हुलग्याची उसळ, अंडी, दही, जे चालतं ते. वहिनींनी आता हे धरलंय, आणि दप्तर त्यांच्या ऐवजी पुतण्याच जास्त उचलतोय, तेही चालेल.

सूर्यास्तानंतर अन्न वर्ज्य: यात थोडं तथ्य आहे, मान्य करावं लागतं. रात्री टीव्हीसमोर चिवड्याचा डबा मांडीवर घेणाऱ्याने संध्याकाळनंतर तोंड बंद ठेवलं तर त्याचं खाणं आपोआप कमी होतं. करामत त्या डब्याची, सूर्याची नाही. ज्याचं ऑफिस साडेसहाला सुटतं आणि बस सात रस्त्यावर अडकते, त्याने आठला भाकरी-भाजी खाल्ली म्हणून काही बिघडत नाही.

आणि आमच्या ग्रुपवर हा मेसेज ज्या काकांनी टाकला, त्यांना थेट सांगतो, कारण तिथे चार लोकांत बोलता आलं नाही. काका, तुम्हाला इन्सुलिन चालू आहे. सुई नेहमीसारखी टोचायची आणि संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशीपर्यंत पोटात नुसता काढा, असं केलंत तर साखर एकदम खाली जाईल. दरदरून घाम येईल, हातपाय थरथरतील, आणि तुम्हाला वाटेल उपाय लागू पडतोय. उद्या सकाळी आधी तुमच्या डॉक्टरांना फोन करा. तोवर रात्रीची भाकरी वेळेवर खा. ११ जणांना मी काय पाठवायचं ते पाठवलंय.